खाडीच्या रकान्यात ‘निरंक’ लिहू देऊ नका



गेल्या बैठकीत एका साथीने तोंडावर विचारलं ते बरंच झालं. तो बोलला, आपले प्लॉटचे दावे अजून प्रांताच्या कपाटात पडून आहेत, मोजणीवाला अर्ध्या पाड्यांवर फिरकलेला नाही, आणि आपले कार्यकर्ते बाळकुमच्या खाडीत चिखल तुडवत फिरतात. मासळी हा कोळ्यांचा विषय, त्यांचं ते बघतील. चार-पाच जणांनी माना डोलावल्या. त्या दिवशी शेवटची एसटी गाठायची होती, उत्तराला वेळ मिळाला नाही. म्हणून इथे लिहितो, आणि सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं असं. खाडीतलं तिवर आता कोर्टाच्या हुकमाने जंगलात धरायचं ठरलं आहे. जंगल झालं म्हणजे वनहक्काचा कायदा तिथे गेला. त्या कायद्यात मासे हा शब्द छापलेला आहे. तो शब्द आपण डोंगरावरच्या दाव्यात लिहीत नाही, आणि खाडीवरचे कोळी-कातकरी तर दावाच भरत नाहीत. दोन्हीकडचे रकाने रिकामे राहिले की साहेब त्यात एकच शब्द लिहितो, निरंक. हक्क निरंक, दावे निरंक. मग ती जमीन कुणालाही द्यायला मोकळी.

ज्यांनी बाळकुम पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी ठिकाण सांगतो. जुन्या आग्रा रोडने ठाण्याहून भिवंडीला जाताना काशेलीच्या पुलाच्या अलीकडे बाळकुम लागतं. तिथल्या वस्त्यांची नावं पाडा नंबर एक, पाडा नंबर दोन, पाडा नंबर तीन. पाडा म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. १९८२ साली ठाण्याची महापालिका झाली आणि आजूबाजूची अशी गावं शहरात ओढली गेली. ग्रामपंचायत गेली, वॉर्ड आला. आता एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधे गाव दाबून बसलेलं.

त्या खाडीत पाणी कुणाचं येतं? उल्हास नदी कर्जतकडून येते, बदलापूर-कल्याण करते. बारवी तिला मिळते, ती मुरबाडची. काळू मिळते, तीही मुरबाडची. भातसा शहापूरची, ती काळूला मिळून उल्हासात येते. कल्याणच्या आसपास भरतीचं खारं पाणी या गोड्या पाण्याला भेटतं आणि नदीची खाडी होते. डोंबिवली, मुंब्रा, कळवा करत ते पाणी बाळकुम आणि काशेलीच्या मधून निघतं, कोलशेत, घोडबंदर करून वसईला समुद्रात पडतं. ठाण्याजवळ एक अरुंद फाटा दक्षिणेला वळतो, तो ठाण्याच्या खाडीने मुंबई बंदराकडे जातो. म्हणजे माळशेजच्या पायथ्याला आपल्या वरकसावर पडलेला पाऊस बाळकुमच्या तिवराच्या मुळात जातो. एकाच पाण्याच्या वरच्या टोकाला आपण आणि खालच्या टोकाला ते.

आता तिवर. खाऱ्या चिखलात उभं राहणारं हे झाड. सरकार कांदळवन म्हणतं, शाळेच्या पुस्तकात खारफुटी. कांदळ, चिप्पी, तिवर अशा त्याच्या जाती. ठाण्याच्या बाजूला तिवरच जास्त, कारण घाण पाण्यात तेच तग धरतं. चिखलात हवा नसते म्हणून त्याची मुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर डोकावतात आणि श्वास घेतात.

आपण भातासाठी राब करतो. पाला, गवत, शेण जाळून रोपाच्या वाफ्याला ताकद देतो. तिवरही खाडीला राबच देतं, फक्त न जाळता. पाला चिखलात पडतो, कुजतो, लहान खेकडे तो बिळात ओढून नेतात, बारीक जंतू त्याच्यावर वाढतात, आणि ते सगळं कोळंबीच्या आणि माशांच्या पिल्लांच्या पोटात जातं. मुळांच्या गुंत्यात मोठा मासा शिरू शकत नाही, म्हणून पिल्लं तिथे निर्धास्त वाढतात. बोय, जिताडा, कोळंबी लहानपणी खाडीत असतात, मोठी झाली की बाहेर जातात. समुद्रात ट्रॉलरला कोळंबी मिळते ना, तिच्यातली कितीतरी लहानपणी अशाच कुठल्या तरी खाडीच्या चिखलात होती. तिवर तोडलं की खाडीचा राब गेला. राब नसलेल्या वाफ्यातलं रोप कसं पिवळं पडतं ते आपण दरवर्षी बघतो.

आणि वलगण आठवा. पहिल्या पावसाला मासे ओढ्यातून वर चढतात, खाचरात शिरतात, अंडी सोडतात. बत्त्या आणि टोपल्या घेऊन आख्खा पाडा बांधावर जातो. मासा खालून वर येतो हे आपल्याला कळतं. पण खाली जाणारेही आहेत. नदीच्या डोहातली ती मोठी कोळंबी, लांब निळ्या नांग्यांची, ती राहते गोड्या पाण्यात. पण तिच्या पिल्लांना सुरुवातीला मचूळ पाणी लागतं, गोड्या पाण्यात ती जगत नाहीत. म्हणून मादी पोटाला अंडी लावून पाण्याबरोबर खाली खाडीकडे उतरते, आणि पिल्लं जरा मोठी झाली की परत नदीला चढतात. मधे बंधारा आला किंवा खालची खाडी सडली की वरच्या डोहातली कोळंबी संपते. डोहात जाळं टाकून ती मिळाली नाही तर आपण डोहाला दोष देतो. तिचं मरण दोन तालुके पलीकडे झालेलं असतं.

म्हणून मासळी हा फक्त कोळ्यांचा विषय नाही.

खाडी सडली कशाने? पहिलं कारण नाकाला कळतं. अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीच्या कारखान्यांचं पाणी आणि एवढ्या शहरांचा मैला. वालधुनीचा रंग कल्याणच्या बाजूला ज्याने पाहिला त्याला वेगळं सांगायला नको. मैला कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो, मग मासा तोंड वर काढून तडफडतो. निवटी टिकते, कारण ती चिखलावर बाहेर येऊन ओल्या कातडीने हवा घेते. आज खाडीवर निवटी भरपूर दिसते म्हणून कुणी खाडी बरी आहे असं म्हणू नये. पाण्यात जगणं मुश्कील झालं की पाण्याबाहेर जगणारा तेवढा उरतो.

दुसरं कारण सहसा कुणी बोलत नाही, आणि ते आपल्या अंगणातलं आहे. नदीला गोडं पाणी भरपूर असलं तर घाण पातळ होते, धुपून समुद्रात जाते. पण ते पाणी राहिलंय कुठे? भातसेचं पाणी पिशाच्या बंधाऱ्यावरून मुंबईला जातं. बारवीचं पाणी कारखान्यांना आणि शहरांना. त्याच्याही आधी, १८९२ साली, इंग्रजांनी तानसा बांधून शहापूरचं पाणी मुंबईला नेलं, मग वैतरणा नेली, नंतर मध्य वैतरणेचं धरणही झालं. मुंबईचे जाडे नळ काशेलीजवळ खाडी ओलांडून जातात. चिखलात जाळं घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून आपल्या तालुक्यांचं पाणी नळात बंद होऊन जातं, आणि त्याच्या पायाखाली येतं ते शहरांनी वापरून सोडलेलं. धरणाने आपल्याला उठवलं हे आपण मोर्च्यात ओरडून सांगतो. नदी अडवली तेव्हा खालच्या खाडीचंही पोट मारलं गेलं, ते मात्र आपल्या एकाही पत्रकात अजून आलेलं नाही. आणि गंमत अशी की नळाच्या दोन्ही टोकांना, शहापूरच्या पाड्यावर आणि खाडीकाठच्या झोपड्यात, बाया हंडा घेऊन रांगेत.

तिसरं कारण रेती. इथे जरा थांबतो, कारण यात आपली माणसं आहेत.

पाऊस संपला की जव्हार, मोखाडा, विक्रमगडची माणसं जशी वीटभट्टीवर जातात तशीच रेतीबंदरावर जातात. काल्हेर, काशेली, मुंब्रा, कळवा, सगळीकडे. मुकादम बयाणा देतो, भात संपत आलेलं असतं, माणूस अंगठा उठवतो. मग होडीतून बांबूच्या आधाराने तळाला डुबी मारायची, बादली भरायची, वर यायचं, परत खाली. कान फुटतात, छाती भरते, कुणी वरच येत नाही. हे दुःख आपलं आहे आणि त्याच्यावर संघटनेने अजून वेगळं लढायला हवं. पण खाडीच्या बाजूनेही बघा. हाताने डुबी मारून काढलेली रेती एक गोष्ट. आता सक्शन पंप आले आहेत. पंप रात्रंदिवस तळ ओढतो. रेतीबरोबर शिंपल्यांची पेर जाते, चिखलातली माशांची खाणी जाते. तळाला मोठे खड्डे पडले की काठ आपोआप आत सरकतो, काठावरचं तिवर मुळासकट लवंडतं, खारभूमीचे बांध फुटतात आणि भाताच्या शेतात खारं पाणी भरतं. गढूळ पाण्यात मासा येत नाही. कोळी म्हणतो आदिवासी आला आणि खाडी खणून गेला. आदिवासी म्हणतो मला कोळ्याच्या भांडणाशी काय, मला बयाणा फेडायचाय. पंपाचा मालक दोघांनाही दिसत नाही, तो बंगल्यात असतो. ही भांडणं लावून देणारा मुकादम कोण हे काल्हेरला गेलेल्या आपल्या पोरांनी पुढच्या बैठकीत उभं राहून सांगावं, अशी माझी विनंती आहे.

चौथं, भराव. हे सोपं काम आहे. आधी कडेने मातीचा बांध घालायचा, म्हणजे भरतीचं पाणी आत येत नाही. वर्ष-दोन वर्षांत तिवर आपोआप वाळतं. मग रात्री डेब्रिजचे डंपर. मग एक दिवस पंचनामा, की इथे झाडं नाहीत, ही पडीक जागा आहे. आपल्या प्लॉटच्या बाबतीतही साहेब असंच करतो. पीक उभं असताना येत नाही, उन्हाळ्यात येतो आणि लिहितो की इथे लागवड दिसली नाही. पडीक हा शब्द कोण लिहितो, कधी लिहितो, यावर सगळं अवलंबून. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, बदलापूर-कल्याणला उल्हास घरात शिरली, तेव्हा शहराला आठवलं की पाण्यालाही जागा लागते. दोन-चार महिने आठवलं.

त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबई हायकोर्टाने हुकूम दिला. महाराष्ट्रभर तिवर तोडायला बंदी, तिवरापासून ५० मीटरच्या आत बांधकाम नाही, आणि सरकारी जागेवरचं तिवर संरक्षित वन म्हणून जाहीर करा. पर्यावरणवाल्या मंडळींनी कोर्टात झगडून हा हुकूम मिळवला, त्याबद्दल त्यांचा मान ठेवतो. हुकूम नसता तर आज बाळकुमला बोलायलाही काही उरलं नसतं.

पण वन जाहीर करणं म्हणजे काय, हे त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त माहीत आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या जमिनीभोवती इंग्रजांनी वनाची रेघ मारली तेव्हा राबाचा पाला तोडणं चोरी ठरली. ठाणे-कुलाब्यात एवढी बोंब झाली की सरकारला १८८० च्या दशकात जंगल कमिशन बसवावं लागलं. रेघ राहिली ती राहिलीच. आता तीच रेघ खाडीत मारायची आहे, आणि फॉरेस्टखातं तेच आहे. मला दिसतं ते असं. उद्या तिवरात निवट्या-चिंबोऱ्या धरणाऱ्या कातकरी बाईची टोपली गार्डाला दिसेल, डंपर दिसणार नाही. बाईला सांगतील हे जंगल आहे. बिल्डरला सांगतील ही विकासाची जागा आहे, प्रस्ताव टाका. एकच चिखल, सकाळी जंगल आणि दुपारी प्लॉट. आणि शहरातल्या पर्यावरणवाल्यांच्या फोटोत खाडीवरचे रोहित पक्षी असतात, तिवर असतं, टोपलीवाली बाई नसते. रोहित पक्षी हिवाळ्यात येऊन जातात. ती बाई बारा महिने तिथे आहे. खाडी कुठे बुजली, पाणी कुठून काळं आलं, हे तिला आधी कळतं. तिला बाहेर काढून खाडी वाचेल असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या डोंगराकडे बघावं. आदिवासीला बाहेर ठेवून फॉरेस्टखात्याने शंभर वर्षांत किती साग राखला?

आता कायदा. २००६ चा वनहक्क कायदा, त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून. वनजमीन म्हणजे काय ते कलम २ मध्ये लिहिलंय. राखीव, संरक्षित, वर्गीकरण न झालेली, कुठल्याही प्रकारची वनजमीन. डोंगरावरचीच असा शब्द नाही. शहराबाहेरची असाही शब्द नाही. कलम ३(१)(घ) मध्ये सामूहिक हक्क आहेत आणि त्यात मासे आणि पाण्यातलं इतर उत्पन्न हे सरळ लिहिलंय, चराईच्या बरोबरीने. कलम ४(५) सांगतं की हक्कांची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला हटवायचं नाही. कलम ५ सांगतं की ग्रामसभेने लगतचा पाणलोट आणि पाण्याचे झरे-नद्या सांभाळायच्या. हे ‘लगतचा पाणलोट’ दोनदा वाचा. कायदा लिहिणाऱ्याला कळलं होतं की जंगल आणि पाणी वेगळं काढता येत नाही. आणि उपजीविकेत जास्तीचं उत्पन्न विकणंही बसतं असं नियमात आहे, म्हणजे ठाण्याच्या बाजारात चिंबोऱ्या विकायला बसली म्हणून बाईचा हक्क जात नाही.

जुना १९२७ चा वन कायदासुद्धा, जो आपला वैरी, तो कलम २९ मध्ये म्हणतो की संरक्षित वन जाहीर करताना लोकांच्या हक्कांची चौकशी करून नोंद करायची, आणि घाई म्हणून आधी जाहीर केलं तरी चालू हक्क कमी करता येत नाहीत. बाळकुमच्या खाडीत कोण कुठे वाण लावतो, कोण पाग टाकतो, कोण हाताने चिंबोरी धरतो, याची नोंद कुणी करून घेतली का, हे लेखी विचारलं पाहिजे.

२००९ च्या ऑगस्टच्या ३ तारखेला दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाचं परिपत्रक निघालं. वनजमीन दुसऱ्या कामाला वळती करायची असेल तर आधी तिथली वनहक्काची प्रक्रिया पुरी झाल्याचं पत्र आणि ग्रामसभेच्या संमतीचा ठराव जोडायचा, असं त्यात म्हटलं होतं. आपल्यासाठी हे हत्यार होतं. पण उलट बाजूनेही फिरायचं. जिथे दावाच नाही तिथे कलेक्टर कचेरीतून पत्र निघतं की प्रक्रिया पुरी, दावे निरंक. शेवटी सही, शिक्का. मग खाडीच्या कडेने रस्ता काढा, टॉवर उभा करा, मैल्याची टाकी बांधा. बाळकुमला आज नेमका असा रिकामा रकाना आहे. म्हणून आम्ही चिखल तुडवत फिरतो.

यावर जे आक्षेप येतात ते येऊ द्यात.

पहिला, कोळी आदिवासी नाहीत, त्यांच्यासाठी आपण का लढायचं? खरं आहे, महादेव कोळी, मल्हार कोळी अनुसूचित जमातीत आहेत, खाडीवरचा सोनकोळी नाही. दाखल्यांचा वाद मोठा आहे आणि तो मी इथे काढत नाही. पण वनहक्क कायद्यात इतर पारंपरिक वननिवासी म्हणून वेगळी जागा आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्या वनावर जगत असल्याचा पुरावा द्यायचा. त्यांनी त्या दारातून यावं. त्यात आपल्या नोकरीची जागा जात नाही, शिष्यवृत्ती जात नाही, काही जात नाही. आणि त्याच चिखलात उतरणारे कातकरी तर आपलेच आहेत. त्यांच्याकडे होडी नाही, जाळं नाही, खाडीवर सातबारा नाही. त्यांचा विचार कोळी समाजाच्या सोसायटीत होत नाही आणि आपल्या बैठकीतही होत नाही, हे मात्र स्पष्ट बोललं पाहिजे.

दुसरा, बाळकुम महापालिकेत आहे, तिथे ग्रामसभा नाही, म्हणून कायदा लागत नाही असं एक साहेब तोंडी सांगतात. तोंडी. लिहून मागितलं की चहा मागवतात. हक्क कलम ३ ने दिलाय, अर्ज कोण घेणार ही सोय सरकारने करायची. गावाला न विचारता गाव शहरात घातलं आणि आता म्हणता गाव नाही म्हणून हक्क नाही! येऊरच्या पाड्यांचंही तेच दुखणं आहे, तेही महापालिकेत, म्हणून येऊर आणि बाळकुमने एकत्र अर्ज द्यावा असं माझं मत. आणि तोपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. खाडी ओलांडली की काशेली, काल्हेर भिवंडी तालुक्यात, तिथे ग्रामपंचायत आहे, ग्रामसभा होते. सुरुवात त्या काठावरून करू. पाणी एकच आहे.

तिसरा आक्षेप खुद्द खाडीवरच्या काही तरुणांचा. ते म्हणतात, खाडी मेली, हक्क घेऊन काय करायचं, त्यापेक्षा भरपाई घेऊ. हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, कारण घरात चूल असते. त्यांना मी ओडिशाच्या चिलिकाचं सांगतो. तेही खाडीसारखंच मचूळ पाण्याचं मोठं सरोवर. तिथे १९९० च्या सुमाराला एका बड्या कंपनीला कोळंबीच्या शेतीसाठी जागा द्यायची होती, मच्छीमारांनी लढून तो प्रकल्प घालवला. नंतरही कोळंबीच्या धनदांडग्यांनी पाणी अडवून घेरी केल्या, आणि १९९९ साली सोराना गावात पोलिसांच्या गोळ्यांनी चार माणसं मेली. ही झाली लढाई. दुसरी बाजू पाण्याची. गाळाने सरोवराचं समुद्राकडचं तोंड बुजत आलं होतं, मासळी अगदी तळाला गेली होती. २००० च्या सप्टेंबरात नवीन तोंड खोदलं, भरतीचं पाणी परत खेळू लागलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मासळी अनेक पटींनी वाढली. खाडी म्हणजे खडक नाही की फुटला तो फुटला. पाणी येऊ-जाऊ दिलं, घाण थांबवली, राब राखला, तर ती परत पिकते. भरपाई एकदा मिळते आणि दोन पावसाळ्यांत संपते, आपल्या धरणग्रस्तांना विचारा. पण खाडी पिकली तरी ती कुणाच्या नावावर पिकणार, हे आत्ताच्या कागदावर ठरतंय.

आता काम. प्रत्येक पाड्याने सामूहिक दाव्याचा फॉर्म परत काढून बघावा. जळण, चराई, मोहाची फुलं, डिंक हे सगळे लिहितात. मासे लिहिलेत का? कुठल्या ओढ्यात वलगण लागते, कुठल्या डोहावर कुणी जातं, उन्हाळ्यात खेकडे कुठे धरतात, त्या जागांची नावं घाला. बाया आणि म्हातारी माणसं बसवा, पोरांना या जागांची नावं माहीत नसतात. पुराव्याला तलाठ्याचा कागदच लागतो असं नाही. दावेदार सोडून इतर म्हाताऱ्यांचा लेखी जबाब चालतो, जुने नकाशे आणि गॅझेटियर चालतात, विहीर, मसण, देवाची जागा चालते. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये मासळीवर वेगळा मजकूर आहे, त्याची झेरॉक्स कार्यालयात ठेवली आहे, कोळी साथींनी घेऊन जावी.

ठराव असा लिहावा. आपल्या गावाप्रमाणे नावं बदला:

‘आमच्या गावाच्या हद्दीतील आणि परंपरेने आमच्या वापरात असलेल्या वनजमिनीवरील ओढे, डोह, नदी, तलाव, खाडी व तिवर यांतील मासे, कोळंबी, खेकडे, शिंपले व पाण्यातील इतर उत्पन्न धरणे, खाणे व विकणे हा आमचा सामूहिक हक्क असून, वनहक्क अधिनियम २००६ च्या कलम ३(१)(घ) प्रमाणे तो नोंदवावा. कलम ५ प्रमाणे आमचा पाणलोट सांभाळण्याचा अधिकार ही ग्रामसभा वापरील. आमच्या हद्दीतील वनजमीन वा तिवर आमच्या ठरावाशिवाय कोणत्याही कामासाठी वळती करण्यास आमची संमती नाही. उल्हास खोऱ्याच्या खालच्या टोकाला बाळकुम, काशेली, काल्हेर येथील मच्छीमार व कातकरी कुटुंबांच्या याच स्वरूपाच्या दाव्यास ही ग्रामसभा पाठिंबा देते.’

ग्रामसभा पाड्याची घ्या, ग्रुप ग्रामपंचायतीच्या कचेरीतली नको. तिथे कोरमला लागतात तेवढी माणसं भरत नाहीत आणि ठराव रद्द करायला साहेबाला निमित्त मिळतं. वनहक्क समितीच्या बाया सदस्यांच्या सह्या विसरू नका, मागच्या वेळी तीन पाड्यांच्या ठरावांवर फक्त पुरुषांच्या होत्या. ठरावाच्या तीन प्रती करा. एक उपविभागीय समितीला, शिक्क्याची पोच घेऊन. एक गावाच्या दप्तरात. तिसरी कार्यालयात आणून द्या, ती आम्ही काशेलीच्या ग्रामसभेआधी बाळकुम आणि काशेलीच्या साथींच्या हातात पोचवू. ग्रामसभेची तारीख ठरली की पाड्यापाड्यावर निरोप येईल. मुरबाड-शहापूरमधून निदान दोन जीप माणसं तरी यायला हवीत, आणि काल्हेरला रेतीवर असलेल्या पोरांनी त्या दिवशी खाडा करून यावं.

– मुरबाड तालुक्यातील एक कार्यकर्ता